वाऱ्याची जमाबंदी

परभणीहून नांदेडकडे जाणारी आगगाडी पूर्णा जंक्शन मागे टाकून पूर्वेच्या वाटेला लागली म्हणजे थोड्याच वेळात चुडावा नावाचे एक लहानसे स्थानक येते. गाडी थांबलीच तर क्षणभर थांबते, आणि खिडकीतून दिसते ती दोन्ही अंगांना क्षितिजापर्यंत पसरलेली काळी जमीन, जिच्यावर मे महिन्याच्या अखेरीस हाताचा पंजा सहज आत जाईल एवढ्या रुंद भेगा पडलेल्या असतात. पूर्णा नदी गोदावरीला मिळते ती याच तालुक्यात. अरबी समुद्राचा किनारा येथून सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर, बंगालचा उपसागर त्याहूनही लांब. म्हणून या भागातील कित्येक माणसांनी समुद्र पाहिलेला नाही. आणि तरीही रोहिणी सरून मृग लागण्याच्या सुमारास एखाद्या दिवशी दुपारचा भाजून काढणारा वारा पडतो, नैर्ऋत्येकडून एक जड, ओलसर झुळूक येते, बैल नाकपुड्या फुलवून मान वर करतात, आणि तिफण दुरुस्त करीत बसलेला माणूस हातातले काम ठेवून उभा राहतो, तेव्हा तो ज्याची वाट पाहत असतो ते सारे समुद्राचेच देणे असते.

हे देणे म्हणजे नुसते पाणी नव्हे, उष्णता आहे, ही गोष्ट आपल्या शालेय भूगोलात कोठेतरी कोपऱ्यात पडून राहिली. सूर्य पृथ्वीच्या मध्यपट्ट्यावर जेवढी उष्णता ओततो तेवढी तो पट्टा आकाशात परत टाकू शकत नाही, आणि ध्रुवांकडील प्रदेश, ज्यांना सूर्य तिरक्या नजरेने पाहतो, ते मिळकतीपेक्षा अधिक खर्चून बसतात. हा जमाखर्च जर कोणी जुळवून दिला नसता तर विषुववृत्ताचा प्रदेश उत्तरोत्तर तापत गेला असता आणि ध्रुवप्रदेश आजच्याहून कितीतरी अधिक गोठला असता. जुळवणी करणारे दोघेच, वारे आणि सागरी प्रवाह. एका मुलखाचा वसूल दुसऱ्या मुलखाच्या खर्चासाठी रवाना करणाऱ्या एखाद्या जुन्या सरसुभ्याच्या कचेरीप्रमाणे त्यांचा व्यवहार अहोरात्र चालतो, आणि त्यांतला मोठा वाटा वाऱ्याकडे आहे.

वारा ही उष्णता दोन रूपांनी वाहून नेतो. एक रूप त्वचेला कळते, ऊन वारा आणि गार वारा. दुसरे कळत नाही. समुद्राच्या पाण्याची वाफ होताना प्रत्येक ग्रॅम पाणी सुमारे ५८५ कॅलरी उष्णता आपल्या पोटात दडवून घेते, त्या वाफेला हात लावून ती उष्णता कोणाला सापडत नाही, आणि हजारो किलोमीटर दूर जाऊन त्या वाफेचे पुन्हा पाणी झाले म्हणजे ती पै-पैसह आकाशात परत मिळते. हिशेब करून पाहावा असा आहे. एका हेक्टरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लाख लिटर पाणी उतरले, आणि तेवढे पाणी ढगात बनताना जी उष्णता सुटली ती सुमारे ६८,००० युनिट विजेइतकी भरते. शेतकरी खाली चिखलात उभा राहून थंडीने कुडकुडत असतो, आणि त्याच्या डोक्यावरील ढगात दक्षिण गोलार्धातील समुद्राने सूर्यापासून घेतलेली ही ठेव मोकळी होत असते. तिच्याच बळावर ढग आणखी वर चढतो, खालची पोकळी भरून काढायला समुद्राकडील वारा आणखी जोराने धावतो, आणि वर गेलेली हवा उंच आकाशातून पुन्हा विषुववृत्तापलीकडे परतते.

या वाऱ्याचा मूळ मुक्काम मादागास्करच्या पूर्वेकडे, दक्षिण हिंदी महासागरात आहे, जेथे आपल्या उन्हाळ्याच्या दिवसांत तिकडील हिवाळ्याची जड हवा खाली बसलेली असते. चुडाव्याहून ते ठिकाण पाच हजार किलोमीटरांहून अधिक दूर. तेथून निघालेला वारा केनियाच्या किनाऱ्याशी विषुववृत्त ओलांडतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतो, आणि जमिनीपासून एक-दीड किलोमीटर उंचीवर एखाद्या नदीसारखा अरुंद व वेगवान होऊन सोमालियाजवळून भारताकडे येतो. या प्रवाहाचे स्वरूप जे. फाइंडलेटर या हवामानशास्त्रज्ञाने १९६९ साली नीट उलगडून दाखविले. त्याच वाऱ्याच्या रेट्याने सोमालियाच्या किनाऱ्यालगतचा सागरी प्रवाहही आपली दिशा बदलून उत्तरवाहिनी होतो आणि तळचे थंड पाणी वर येते, त्यामुळे मे महिन्यात तीस अंशांपर्यंत तापलेला अरबी समुद्र जुलैपर्यंत दोन-तीन अंशांनी निवतो. वर्षातून दोनदा आपला प्रवाह उलटा करणारा समुद्र जगात एवढा मोठा दुसरा नाही. पुढे सह्याद्री या वाऱ्याकडून पहिला आणि सर्वांत मोठा हिस्सा वसूल करतो. महाबळेश्वरास पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि घाट उतरून पूर्वेला आले की तो पाचशेवर घसरतो. मात्र आणखी पूर्वेला, बीड मागे टाकून परभणी-नांदेडाकडे जावे तसतसा तो पुन्हा वाढत जातो, कारण येथे जुलै-ऑगस्टात बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांची मदत पोहोचते. चुडाव्याच्या शिवारावर असे दोन समुद्रांचे हक्क आहेत, आणि दोन्ही समुद्रांकडून चुकण्याची भीतीही आहे.

वारा कोठून येतो हे खलाशांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. अरबांनी त्याला मौसिम, म्हणजे ठरलेला हंगाम, असे नाव दिले आणि त्या नावावर त्यांचा सारा व्यापार उभा राहिला. आपल्या कोकणातील कोळी आगोट लागताच होड्या किनाऱ्यावर ओढीत आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा समुद्रात लोटीत. १६८६ साली एडमंड हॅली याने व्यापारी व मोसमी वाऱ्यांचा नकाशा काढला, आणि १७३५ साली जॉर्ज हॅडली याने तापलेल्या मध्यपट्ट्यावर हवा चढते व पृथ्वीच्या परिवलनामुळे वारे तिरके होतात ही उपपत्ती मांडली. पण ठरलेला वारा एखाद्या वर्षी ठरल्याप्रमाणे का येत नाही, या प्रश्नाकडे विद्वानांचे लक्ष जाण्यास माणसे मरावी लागली.

१८७६ साली दख्खनचा पाऊस गेला, १८७७ साली उत्तरेचा. दोन वर्षांच्या त्या दुष्काळात ब्रिटिश हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली. पाऊस गेला हा निसर्गाचा भाग, पण धान्याची निर्यात चालू राहिली, आणि दुष्काळी कामांवरील माणसाला दिवसाला एक रत्तल धान्य व एक आणा पुरे असे सर रिचर्ड टेंपलने ठरविले, हा माणसांचा भाग. तो वाऱ्याच्या खात्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने, गावोगावची हकीकत जमवून सरकारपुढे ठेवली, आणि तोच दुष्काळ डोळ्यांनी पाहून वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ साली शस्त्र उचलले. याच दिवसांत, नुकत्याच १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचा प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड आपल्या दफ्तरात वायुभाराचे आकडे तपासत बसला होता, आणि त्याच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली, की त्या दोन वर्षांत वायुभार केवळ हिंदुस्थानातच नव्हे तर मॉरिशसपासून ऑस्ट्रेलियापर्यंत आणि उत्तरेस सैबेरियापर्यंत नेहमीहून अधिक होता. एका जिल्ह्याचा दुष्काळ हा त्या जिल्ह्यापुरता नसतो, हे तेव्हा प्रथम आकड्यांत दिसले. पुढे ऑस्ट्रेलियातील चार्ल्स टॉड यानेही पाहिले, की त्याच्याकडील अवर्षण आणि हिंदुस्थानातील अवर्षण बहुधा एकाच वर्षी येते. ब्लॅनफोर्डने मात्र आपला भाकिताचा आधार जवळ शोधला. हिमालयावर हिवाळ्यात बर्फ अधिक साचले तर पुढचा पाऊस ओढून धरतो, असे त्याचे मत झाले, आणि १८८६ च्या जूनपासून त्या आधाराने दरवर्षी पावसाचे अनुमान प्रसिद्ध होऊ लागले.

त्यानंतर आले १८९९ साल, ज्याला राजस्थान-गुजरातेत विक्रम संवतावरून छप्पनिया म्हणतात. चुडावा तेव्हा मोगलाईत, निजाम मीर महबूब अली खान यांच्या राज्यात. महसुलाचे कागद फसली सनात लिहिले जात, जिल्ह्यावर अव्वल तालुकदार बसे, आणि गावचा पाटील-कुलकर्णी जमाबंदीच्या वेळी त्याच्यापुढे हात जोडून उभा राही. ब्लॅनफोर्डनंतर आलेल्या जॉन इलियटने बर्फाबरोबर हिंदी महासागर व ऑस्ट्रेलियाकडील हवामानही जमेस धरून त्या वर्षी पाऊस चांगला होईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात पावसाने प्रारंभी आशा दाखविली आणि मग पाठ फिरविली. साऱ्या देशाचा हिशेब केला तर चौथाईहून अधिक पाऊस त्या वर्षी पडलाच नाही. मराठवाड्यात खरिपाची ज्वारी कणसावर येण्यापूर्वी वाळली आणि रब्बीच्या पेरणीला ओल उरली नाही. ज्या जमिनीची कीर्ती अशी, की एकदा पोटभर पाणी पिऊन ती पुढचे चार महिने पीक पोसते, तिला पाणीच न मिळाल्यावर ती काय पोसणार! कडबा संपला तशी जनावरे दावणीला बसली ती पुन्हा उठली नाहीत, आणि माणसे घराला कडी घालून गोदावरीच्या काठाकाठाने कामाच्या शोधात निघाली.

नेमक्या त्याच काळात, १८९९ ते १९०१ या वर्षांत, सिकंदराबादेहून मनमाडापर्यंतचा हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेचा मीटरमापी मार्ग टप्प्याटप्प्याने खुला होत होता, आणि याच मार्गावर परभणी, पूर्णा, चुडावा, नांदेड ही स्थानके आहेत. या योगायोगावर मी पुष्कळ वेळा विचार केला आहे. रूळ हे धान्य आत आणतात तसे बाहेरही नेतात. ज्या गावाकडे पैसा आहे त्याच्याकडे वाघीण थांबते, ज्याच्याकडे नाही त्याच्यासमोरून ती शिटी वाजवीत निघून जाते, आणि १८७६ च्या दख्खनमध्ये हे घडलेले होते. तरीही पुढच्या शतकातील दुष्काळांत मराठवाड्याला बाहेरचे धान्य वेळेवर पोहोचू शकले ते याच रुळांमुळे, हे नाकारता येणार नाही.

इलियटच्या चुकलेल्या भाकितावर वृत्तपत्रांनी एवढे काहूर उठविले, की पुढे १९०२ ते १९०५ या काळात पावसाचे अनुमान लोकांसमोर न येता केवळ सरकारी दफ्तरात गोपनीय म्हणून फिरत राहिले. १९०४ साली इलियटच्या जागी आला तो गिल्बर्ट वॉकर, केंब्रिजचा गणिती, हवामानशास्त्राचे शिक्षण नसलेला. त्याने एक गोष्ट मनापासून मान्य केली, की वातावरणाचे सगळे नियम आपल्याला माहीत नाहीत आणि ते माहीत होईपर्यंत थांबायला शेतकऱ्यापाशी सवड नाही. म्हणून त्याने कारणे शोधण्याचे बाजूला ठेवून संबंध शोधावयाचे ठरविले. जगभरच्या ठाण्यांवरील वायुभार, तापमान, पाऊस, नद्यांचे पूर यांचे जुने-नवे आकडे मागविण्यात आले, आणि सिमल्याच्या कचेरीत हिंदी कारकुनांची एक तुकडी ते आकडे एकमेकांशी ताडून सहसंबंधाचे गुणक काढू लागली. यंत्रे नव्हती, बोटे, दौत आणि टाक होता. त्या कारकुनांची नावे ग्रंथांच्या शीर्षकांवर आली नाहीत, पण जगाच्या हवेचा एक मोठा नियम प्रथम त्यांच्या तक्त्यांत उतरला, याचा मला मराठी वाचकांसमोर मुद्दाम उच्चार करावासा वाटतो.

तो नियम वॉकरने १९२३-२४ च्या सुमारास मांडला. प्रशांत महासागरावर वायुभार वाढला म्हणजे हिंदी महासागरावर तो घटतो, आणि तिकडे घटला म्हणजे इकडे वाढतो. एखाद्या अवाढव्य तराजूची दोन पारडी असावीत तसे हे दोन महासागर काही वर्षांच्या अंतराने वरखाली होत राहतात, आणि आपल्याकडचे पारडे जड झाले, म्हणजे हवा येथे दाबून बसली, की पाऊस रुसतो. या हेलकाव्याला त्याने दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. मात्र तराजू कोण हलवतो हे त्याला सांगता आले नाही, आणि त्याच्या गणिताला कारणाचा पाया नाही म्हणून पुष्कळांनी ते बाजूस सारले. १९२४ साली तो निवृत्त होऊन विलायतेस गेला.

हलवणारा हात समुद्राचा होता. पेरूच्या किनाऱ्यावरील कोळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते, की काही वर्षी नाताळाच्या सुमारास त्यांचा थंड, मासळीने भरलेला समुद्र अकस्मात ऊन होतो. येशूच्या जन्माचा काळ म्हणून त्याला ते एल निन्यो, म्हणजे बाळ, म्हणत. एरवी व्यापारी वारे प्रशांत महासागराचे तापलेले पाणी पश्चिमेकडे लोटत राहतात, इतके की इंडोनेशियाच्या बाजूला समुद्राची पातळी पेरूच्या बाजूपेक्षा सुमारे अर्ध्या मीटरने उंच राहते, आणि त्या ऊन पाण्यावर हवा चढून मुसळधार पाऊस पडतो. वारे मंदावले म्हणजे साठविलेले ऊन पाणी पूर्वेकडे परत सरकते, त्याच्याबरोबर हवेच्या चढणीची जागाही सरकते, आणि जी हवा पूर्वी इंडोनेशियाच्या आसपास वर जात होती तिच्या जागी, हिंदुस्थानापर्यंतच्या पट्ट्यात, हवा खाली उतरू लागते. उतरणाऱ्या हवेत ढग धरत नाही. १९५७-५८ या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात, योगायोगाने एक मोठा एल निन्यो चालू असताना, जगभर निरीक्षणे झाली. त्यांच्या आधारे जेकब ब्यर्कनेस याने १९६९ साली समुद्र आणि वारा यांची ही सांगड दाखवून दिली आणि पूर्व-पश्चिम फिरणाऱ्या त्या वातचक्राला वॉकरचेच नाव दिले. वॉकर १९५८ च्या नोव्हेंबरात वारला. आपल्या तक्त्यांचे कारण सापडणार आहे हे त्याला कळले नाही.

दरम्यान हवामान खात्याचे मुख्य ठाणे १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले, आणि शिवाजीनगरातील त्या दगडी इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. याच खात्याचा प्रमुख राहिलेला चार्ल्स नॉर्मंड याने पुढे १९५३ साली एक मार्मिक निरीक्षण नोंदविले, की आपला पाऊस पाहून पुढील ऋतूत इतर देशांत काय होईल हे जितके सांगता येते, तितके इतर देश पाहून आपला पाऊस सांगता येत नाही. काळ्या जमिनीवर कोसळणारा पाऊस जी उष्णता आकाशात मोकळी करतो ती इतकी प्रचंड असते, की आपण केवळ दूरच्या समुद्राचे कूळ नसून त्याला देणारे सावकारही आहोत, असा त्याचा अर्थ मी घेतो.

ब्यर्कनेसच्या लेखानंतर तीनच वर्षांनी तराजू पुन्हा झुकला. १९७२ साली पेरूची अँकोवी मासळी कोसळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राचा पाऊस गेला. मराठवाड्याच्या खेड्यांत 'बहात्तर' हा नुसता आकडा उच्चारला तरी वृद्ध माणसे गप्प होतात. त्याच वर्षीच्या १८ मे रोजी परभणीस मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झाले होते; त्याचे पहिलेच वर्ष असे आले. पण या वेळी १८९९ ची पुनरावृत्ती झाली नाही. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने गावोगाव कामे काढली; रस्त्यांची खडी फोडायला, पाझर तलावांची माती उचलायला १९७३ च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या घरात माणसे कामावर होती; मुलांना सुकडी वाटली, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी लोकांनी तोंड वाकडे करून का होईना खाल्ली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीला याच दिवसांत बळ आले आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पावसाची तूट सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या तुटीजवळ जाणारी, पण माणसे जगली. वारा तोच, फरक पडला तो कचेरीत.

शास्त्राला मात्र नम्र होण्याचा प्रसंग अजून यावयाचा होता. १९९७ साली शतकातील सर्वांत प्रबळ एल निन्यो आला आणि सर्वांनी अवर्षणाची भीती धरली, तर देशाचा पाऊस सरासरीच्या १०२ टक्के भरला. मग १९९९ साली साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी दाखविले, की हिंदी महासागराचाही स्वतःचा एक तराजू आहे. त्याचे पश्चिमेचे, आफ्रिकेकडील पाणी ऊन आणि सुमात्राकडील थंड झाले म्हणजे प्रशांताची वक्रदृष्टी पुष्कळ अंशी निष्प्रभ होते, आणि १९९७ साली नेमके तसे झाले होते.

२०१५ साली दैव असे सहाय झाले नाही. त्यापूर्वीचे वर्षही कोरडेच गेले होते. जायकवाडीच्या नाथसागरात मृतसाठा उरला, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याने भरलेली आगगाडी धाडावी लागली. जलदूत तिचे नाव. तिची वाट चुडाव्यावरून जात नव्हती, पण तिची बातमी याही शिवारात ऐकली गेली, आणि ज्यांच्या आजोबांनी रुळांवरून धान्य येताना पाहिले त्यांनी आता पाणी आल्याचे ऐकले. त्याच उन्हाळ्यात प्रशांताचे पाणी हळूहळू निवत होते, व्यापारी वारे पुन्हा जोर धरीत होते; जून गेला, आषाढ गेला, आणि सप्टेंबरच्या अखेरीस, उत्तरा सरून हस्त लागत असताना, मराठवाड्यावर असा पाऊस उतरला की ओढ्यांनी पात्रे सोडली, उभे सोयाबीन पाण्यात गेले, लातूरचा मांजरा प्रकल्प काठोकाठ भरला, आणि गोदावरी पूर्णेला पोटात घेऊन तांबडी होत नांदेडच्या घाटाला लागली.